समुद्रकाठचं छोटं संग्रहालय आणि बरोबर मुलं: स्वतः फिरावं, माहीतगाराबरोबर, की प्रश्नपत्रक घेऊन?

दोन-तीन खोल्या, भिंतीवर जुन्या बंदराचे फोटो, कोपऱ्यात गंजलेला नांगर, मधोमध एखादी होडी. किनाऱ्यावरच्या गावांमधली स्थानिक इतिहासाची संग्रहालयं साधारण अशी असतात. मोठी माणसं वीस मिनिटांत चक्कर संपवतात, मुलं त्याच्याही आधी दारात उभी असतात. ती रेंगाळावीत असं वाटत असेल तर निवड तीन पद्धतींमधून करायची असते: आपणच फिरवायचं, तिथल्या माहीतगाराच्या हवाली करायचं, किंवा हातात प्रश्नपत्रक द्यायचं. पण त्याआधी क्रमाचा प्रश्न सोडवावा लागतो, कारण बहुतेक भेटी तिथेच फसतात.

आधी किनारा की आधी संग्रहालय

'आधी वाळूत दमू दे, मग आत शांत राहतील' हा हिशेब कागदावर बरा दिसतो. प्रत्यक्षात दमलेलं मूल शांत होत नाही, किरकिरं होतं. शिवाय उजेडाची अडचण असते. जुना कागद, कापड आणि जलरंगातली चित्रं यांच्यावर सहसा ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात. बाहेर भर उन्हात तो लाखाच्या घरात असतो. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मुलं पहिली खोली ओलांडून गेलेली असतात, खरं म्हणजे काहीच न दिसता. तिसरी गोष्ट वाळूची. तिच्यातली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. वाळूचे हात काचपेटीवर टेकले की चरे पडतात, आणि ओले कपडे छोट्या बंद खोलीतला दमटपणा वाढवतात. समुद्रातून काढलेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात, त्यामुळे हवा दमट झाली की त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. दारावरचा माणूस पायांकडे का बघतो, ते यावरून कळावं.

म्हणून आधी संग्रहालय. एरवी आम्ही एवढं ठाम सांगत नाही, पण इथे दुसरी बाजू फारच लंगडी आहे. अपवाद एकच, ओहोटीचा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी सकाळीच असेल आणि संग्रहालय उशिरा उघडत असेल, तर किनारा आधी उरका. पण मध्ये अर्धा तास पाय धुवायला, कपडे बदलायला आणि सावलीत बसायला ठेवा.

संग्रहालयानंतर खडकांकडे जाणार असाल तर पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी तिथे पोचा आणि पाणी फिरलं की परत निघा. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब असा: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी येतं. पहिला तास निवांत गेला म्हणून गाफील राहिलेली माणसं तिसऱ्या तासाला खडकांवर अडकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने ओहोटीला खडक जास्त उघडे पडतात, पण पाणी परतही जोरात येतं.

आपणच फिरवणं

वेळ आपल्या हातात राहते, आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तेच महत्त्वाचं. मात्र या पद्धतीत हमखास होणारी चूक म्हणजे फलक वाचून दाखवणं. फलक मोठ्यांसाठी लिहिलेले असतात; तिसऱ्या फलकापर्यंत मूल तुमच्याजवळ उरत नाही. सगळं बघायचा नाद सोडा आणि तीन वस्तू निवडा. एकेकीपाशी सात-आठ मिनिटं थांबलात तरी पुष्कळ झालं.

निवडताना जुनी किंवा दुर्मीळ वस्तू शोधू नका. जिच्याकडे बघून ती कशी वापरली असेल ते कळतं, ती मुलांच्या कामाची. उदाहरणार्थ, पाण्याची खोली मोजायचा शिशाचा ओळंबा. तो उलटा ठेवलेला असेल तर बुडाशी खळगा दिसतो. त्यात चरबी भरायचे. तळाला टेकला की वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर यायचा आणि खाली काय आहे ते खलाशाला कळायचं. ब्रिटिश जहाजांवर त्याच्या दोरीला दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन, पाचावर पांढरं कापड आणि सातावर लाल कापड अशा खुणा असत. कापडांचा पोतही वेगवेगळा, म्हणजे अंधारात हाताला कळावं. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर. मुलाला हात पसरून उभं करा आणि आपल्याला किती कमी पडतं ते मोजू द्या.

दीपगृहाचं भिंग असेल तर ते सोडू नका. फ्रेनेल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या रचनेचं पहिलं भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात बसवलं गेलं. एकच जाड भिंग घडवण्याऐवजी काचेच्या कड्या रचून दिव्याचा विखुरणारा उजेड एका दिशेला वळवायचा, ही त्यामागची युक्ती. मुलांना त्याहून आवडते ती दुसरी गोष्ट: दिवसा दिव्याच्या खोलीचे पडदे ओढून ठेवावे लागत, कारण बाहेरचं ऊन त्याच भिंगातून आत येऊन आग लागू शकते. सूर्य काय करेल हा प्रश्न त्यांनाच विचारा आणि उत्तर सांगायची घाई करू नका.

'हात लावू नको' म्हटल्यावर कारण सांगा, नाहीतर ती नुसती ओरड वाटते. घामातल्या क्षारांमुळे पितळेवर उमटलेला बोटाचा ठसा पुढे धातूत कोरला जातो आणि पुसूनही जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे पटतं.

माहीतगाराबरोबर

छोट्या संग्रहालयांची खरी मिळकत बरेचदा टेबलामागे बसलेली असते: बंदरात, होडीवर किंवा दीपगृहात काम केलेलं कुणीतरी. नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी आमची पसंती याच पद्धतीला. फलकावर 'जाळं' एवढंच असतं. त्याची भोकं एवढीच का, फाटलं तर कुठून शिवायचं, हे हा माणूस सांगतो.

धोका बोलण्याच्या लांबीचा. हौसेने सांगणारा माणूस बुडालेल्या जहाजांची नावं आणि सालं ओळीने सांगू लागतो, आणि दहाव्या मिनिटाला मुलं जमिनीवर बसलेली असतात. उपाय आधीच करायचा. फोन करून मुलांची वयं सांगा आणि 'सगळं नको, वीस मिनिटांत दोन वस्तू दाखवाल का' असं विचारा. त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: त्या दिवशी शाळेची सहल आहे का, हाताळायला ठेवलेल्या वस्तू आहेत का, जिने किती. अशी संग्रहालयं आठवड्यातले मोजकेच दिवस आणि काही ठिकाणी ठरावीक हंगामातच उघडी असतात, त्यामुळे हा फोन टाळू नयेच.

गाठी शिकवणारं कुणी असेल तर प्रत्येक मुलामागे दीड मीटर सुती दोरी न्या, ८ ते १० मिलिमीटर जाडीची. बारीक सुतळीत गाठीची वळणं दिसत नाहीत आणि गुळगुळीत नायलॉन सुटत राहतं. बोलाइन ही एक गाठ आली तरी भेट वसूल, कारण तिचा फासा वजन आल्यावर सरकत नाही आणि नंतर सहज सोडवता येतो.

प्रश्नपत्रक घेऊन

संग्रहालयंच बरेचदा छापील पत्रक देतात. वाचता येणारी, चढाओढ आवडणारी मुलं त्यावर तुटून पडतात, आणि नेमकं तिथेच ते फसतं. 'ही होडी कोणत्या साली बांधली' या प्रश्नाचं उत्तर फलकावर आहे. मूल आकडा उतरवतं आणि होडीकडे न बघताच पुढे जातं. पंधरा मिनिटांत पत्रक भरलेलं, आणि संग्रहालय 'झालं'.

पत्रक घ्यायचंच तर फलकावरची उत्तरं मागणारे प्रश्न खोडा आणि वस्तूतच उत्तर असलेले चार-पाच स्वतः लिहा. वल्ह्यासाठी किती खाचा आहेत? नांगराची कोणती बाजू जास्त झिजली आहे? जुन्या फोटोत धक्का कुठे होता आणि तेव्हा भरती होती की ओहोटी? हा शेवटचा प्रश्न विशेष चांगला: बाहेर आल्यावर त्याच जागी उभं राहून ताडून बघता येतो. फक्त पाण्याची पातळी वेगळी असेल तर जागा ओळखायला गोंधळ होतो, तेवढं मोठ्यांनी लक्षात ठेवावं. लिहायला पेन्सिलच; बॉलपेनची रेघ कागदाच्या वस्तूवर गेली तर निघत नाही. दोन भावंडांना एकच पत्रक दिलं तर मोठं लिहितं आणि धाकटं रडतं, म्हणून एकाला पत्रक द्या, दुसऱ्याला चित्र काढायला कोरा कागद.

जहाजाचा वेग मोजायची दोरी ठेवलेली असेल तर प्रश्नपत्रकापेक्षा तो खेळ बरा. ४७ फूट ३ इंच, म्हणजे साधारण १४.४ मीटर अंतरावर गाठी मारलेली दोरी मागे सोडायची आणि वाळूच्या घड्याळाने २८ सेकंद मोजून किती गाठी हातातून गेल्या ते बघायचं. तेवढे नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. नंतर किनाऱ्यावर १४.४ मीटरच्या अंतराने खुणा करा आणि २८ सेकंदांत मूल किती खुणा पार करतं ते मोजा. सावकाश चालणारं मूल दोन नॉटच्या आसपास निघतं.

वयं वेगवेगळी असतील तर

पाच आणि अकरा वर्षांची भावंडं एकाच माहीतगारापुढे उभी करू नका. दोघांपैकी एकाचं तरी वाटोळं होतं. दोन मोठी माणसं असतील तर फूट पाडा: अकरा वर्षांचं माहीतगाराबरोबर, पाच वर्षांचं दुसऱ्या माणसाबरोबर तीन वस्तूंच्या फेरीला, आणि चाळीस मिनिटांनी दारापाशी भेट. एकच मोठं माणूस असेल तर धाकट्याच्या वेळेने चाला आणि मोठ्याला एक वस्तू नेमून द्या, जिची माहिती शेवटी तोच सगळ्यांना देईल. बुडालेल्या जहाजांचं दालन धाकट्याने पाहिलंच पाहिजे असं नाही. तिथे शिरलातच तर किती माणसं बुडाली याऐवजी ती वाचवली कशी जात, इकडे वळा. बुचाच्या पट्ट्या शिवलेलं जीवरक्षक जाकीट ब्रिटनमध्ये १८५४ मध्ये तयार झालं. तसलं एखादं टांगलेलं असेल तर ते घालून हात हलवता येईल का, एवढा एक प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला पुरतो.