मणिकर्णिकेवर मी दिलेले लाकडाचे दान

काशीला पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. गोदौलिया चौकात रिक्षा सोडून मी विश्वनाथाचे दर्शन घेतले, गल्ल्यांतून पायीच घाटाकडे निघालो आणि तिसऱ्या वळणावर दिशा हरवून बसलो. दोन्ही बाजूंच्या उंच घरांमुळे सूर्य दिसत नव्हता, मोबाइलवरचा नकाशा भलत्याच गल्लीत नेत होता आणि मागून येणारी मोटारसायकल थांबून विचार करू देत नव्हती. तेवढ्यात स्वच्छ कुर्ता घातलेला एक मध्यमवयीन गृहस्थ, "घाटावर जायचे ना? मीही तिकडेच निघालो आहे," असे म्हणून पुढे चालू लागला. पैशांचे मीच विचारले, तेव्हा तो दुखावल्यासारखा झाला.

पुढचा अर्धा तास त्याने जे सांगितले ते जवळजवळ सगळे खरे होते आणि माझ्या मते मी तिथेच फसलो. माझ्या हिंदीवरून त्याने मला मराठी म्हणून ओळखले आणि विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी बांधल्याचे आवर्जून सांगितले. (ते नाव ऐकून मी किती विरघळलो, हे आठवले की आता हसू येते.) गंगा इथे उत्तरवाहिनी आहे, चितेसाठी अग्नी डोमांकडून, म्हणजे स्मशानात दहनाचे काम करणाऱ्या समाजाकडून घ्यावा लागतो, हेही त्याने सांगितले. मग फोटो काढू नका असे बजावून त्याने मला मणिकर्णिकेवरच्या, म्हणजे जिथे चिता जळतात त्या घाटावरच्या, धुराने काळवंडलेल्या एका इमारतीच्या गच्चीवर नेले. तिथे भिंतीला टेकून एक वृद्धा बसली होती. तिच्याकडे स्वतःच्या चितेपुरतेही पैसे नाहीत, लाकूड सहाशे रुपये किलो आहे, असे तो सांगत असतानाच तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात डोक्यावर असताना पाच किलोंपेक्षा कमी आकडा माझ्या तोंडून निघेना. तीन हजार रुपये दिल्यावर मी पावती मागितली, तेव्हा "दानाची कुठे पावती असते?" असे उत्तर मिळाले आणि दोन तरुण जिन्यात येऊन उभे राहिले.

संध्याकाळी नावेत बसल्यावर मी हे नावाड्याला सांगितले. त्याने वल्हे थांबवले. "किलोने? बाबूजी, इथे लाकूड मणाने विकतात."

चिता नावेतूनही दिसतात, त्यासाठी कोणाच्या गच्चीवर जाण्याची गरज नाही. गल्लीत वाट चुकलीच तर आपणहून जवळ आलेल्या माणसाला विचारू नये, आपल्या दुकानात बसलेल्याला घाटाचे नाव घेऊन विचारावे, कारण त्याला गल्ला सोडून तुमच्याबरोबर यायचे नसते. एकदा नदी गाठली की प्रश्न उरत नाही. सगळे घाट एकाच काठावर, पश्चिमेला आहेत आणि त्यांची नावे भिंतींवर ठळक रंगवलेली आहेत. नदीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला अस्सी आणि डाव्या हाताला राजघाट. दशाश्वमेधावरून काठाकाठाने डावीकडे गेल्यास मानमंदिर ओलांडून थोड्याच वेळात मणिकर्णिका येते. मात्र पावसाळ्यात पाणी चढले की ही काठाची वाट बुडते आणि तेव्हा पुन्हा त्याच गल्ल्यांतून जावे लागते.