एकाच जुन्या पेंटियम थ्रीवर सहा ऑपरेटिंग सिस्टिम: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मशीन आधी सांगून टाकतो, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. स्लॉट वनवाला पेंटियम थ्री ५०० मेगाहर्ट्झ, इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, ३८४ एमबी रॅम, मॅट्रॉक्स जी४०० ग्राफिक्स, आयएसए (जुन्या कार्डांच्या) स्लॉटमध्ये साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई६४ आणि थ्रीकॉमचं ३सी९०५ नेटवर्क कार्ड. बीएक्स आला १९९८ मध्ये, पण या कामासाठी त्याच्या तोडीचा बोर्ड नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आयएसए पण आहे, ग्राफिक्स कार्डाचा एजीपी स्लॉट पण आहे, यूएसबी पण आहे, म्हणजे डॉसपासून विंडोज २००० पर्यंत प्रत्येकाला ओळखीचं काहीतरी सापडतंच. कार्डं निवडताना सगळ्यात नखरेल सिस्टिमसाठी ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघायचं, विंडोजचं नंतर बघता येतं. जी४०० घेतलं ते याच हिशोबाने, गेमिंगला त्याच्यापेक्षा भारी कार्डं तेव्हाही होती.

रॅम ३८४ वर मुद्दाम थांबवली आहे. बोर्ड १ जीबीपर्यंत घेतो, पण ५१२ एमबीच्या वर गेलं की विंडोज ९८ चं व्हीकॅश (डिस्कवरच्या फाइली रॅममध्ये तात्पुरत्या ठेवणारा भाग) इतकी ॲड्रेस स्पेस अडवतं की साधी डॉसची विंडो उघडायला गेलं तरी मेमरी नाही म्हणून सांगतं. सिस्टिम डॉट आयएनआय मध्ये मॅक्सफाइलकॅशची मर्यादा घातली की सुटतं म्हणा, पण कशाला हवी ती कटकट. डॉस ६.२२ च्या हायमेमला (जास्तीची मेमरी वापरायला देणाऱ्या ड्रायव्हरला) तर ६४ एमबीच्या पुढचं दिसतच नाही.

आता सिस्टिम. डॉस ६.२२, विंडोज ९८ सेकंड एडिशन, विंडोज २०००, डेबियन लिनक्सची २००५ वाली सार्ज, बीओएस आर५ आणि ओएस टू वॉर्प ४. पहिल्या पाच एका डिस्कवर, सहावी वेगळ्या कार्डवर, त्याचं कारण खाली येतंय.

सगळ्यांना वाटतं बूट मेनू, म्हणजे चालू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा मेनू, बसवणं हेच अवघड काम. तसं नाहीये. मेनू एका संध्याकाळी बसतो, ग्रब लेगसी (हा मेनू दाखवणारा प्रोग्राम) टाका, चार ओळी लिहा, झालं. खरं डोकं खातं ते पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठे ते सांगणारी यादी. ती असते एमबीआरमध्ये. एमबीआर म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीचा ५१२ बाइटचा एक सेक्टर, त्यातले ४४६ बाइट कोडचे, ६४ बाइट टेबलचे, एका नोंदीला १६, म्हणजे चारच नोंदी. त्या चार जागा कोणाला द्यायच्या हे कागदावर ठरवल्याशिवाय एफडिस्कला (पार्टिशन करणाऱ्या प्रोग्रामला) हात लावू नका.

माझी मांडणी अशी आहे: पहिलं प्रायमरी (थेट टेबलमध्ये नोंद असलेलं) डॉसचं, फॅट१६ (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत), २ जीबीच्या आत. दुसरं ९८ चं, फॅट३२. तिसरं डेटाचं, पुन्हा फॅट१६ आणि पुन्हा २ जीबीच्या आतच. चौथं एक्सटेंडेड, म्हणजे पोटात आणखी पार्टिशनं (त्यांना लॉजिकल म्हणतात) ठेवता येणारं, त्यात २००० चं एनटीएफएस, लिनक्स आणि स्वॅप (रॅम कमी पडली तर लिनक्स वापरतं ती जागा). डेटाचं पार्टिशन लॉजिकल करायचा मोह होतो, पण एक गोम आहे. एक्सटेंडेड पार्टिशन ८ जीबीच्या पलीकडे गेलं की ९८ चा एफडिस्क त्याला ०एफ हा टाइप (टेबलमधला पार्टिशनचा प्रकार सांगणारा आकडा) देतो आणि डॉस ६.२२ ला फक्त ०५ माहीत, त्यामुळे आतलं सगळंच डॉसच्या दृष्टीने गायब. म्हणून डेटा प्रायमरीत, आणि डिस्कच्या पहिल्या ८ जीबीत, कारण जुना डॉस त्याच्या पुढे पोहोचतच नाही. फॅट१६ ला विंडोज २००० मधून ४ जीबीपर्यंत ताणता येतं, ६४ केबीचे क्लस्टर करून, पण मग डॉसला ते वाचता येत नाही, म्हणजे मूळ उद्देशच बोंबलला.

या डेटा पार्टिशनबद्दल मी एवढं लिहितोय कारण इतके महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की मल्टिबूट (एका मशीनवर अनेक सिस्टिम) चालतं का नाही हे सिस्टिम किती बसवल्या त्यावर ठरतच नाही, फाइली इकडून तिकडे किती सहज जातात त्यावर ठरतं. एखाद्या सिस्टिममध्ये फाइल न्यायची कटकट झाली की ती सिस्टिम आपण आपोआप बूट करणं सोडतो.

माझ्याकडे फाइल येते कशी तर नव्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह विंडोज २००० मध्ये, तिथून डेटा पार्टिशनवर, मग रीस्टार्ट करून डॉस किंवा ९८. विंडोज ९८ मध्ये पेन ड्राइव्हसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर मुळात नाहीच, प्रत्येक कंपनीचा वेगळा टाकावा लागायचा, २००० मध्ये तो आतच आहे. त्यामुळे २००० ही माझ्यासाठी या मशीनची देवडी झालीये, तिथे राहत कोणी नाही पण आत येणारं सगळं तिथूनच येतं. यूएसबी १.१ आहे त्यामुळे मोठी फाइल असेल तर चहा होतो, पिऊन होतो, तरी ती चाललेलीच असते. मोठ्या गोष्टींसाठी लिनक्सवरून नेटवर्क वापरतो, तेच बरं पडतं.

ड्राइव्हच्या अक्षरांचा घोळ ग्रबने सोडवला. डॉस आणि ९८ आधी ॲक्टिव्ह प्रायमरीला सी देतात, मग लॉजिकलना अक्षरं देतात आणि उरलेल्या प्रायमरी शेवटी. म्हणजे ९८ मध्ये डॉसचं पार्टिशन डी होऊन बसतं आणि डेटा ई वर ढकलला जातो, तर डॉसमध्ये तोच डेटा डी असतो, कारण डॉसला फॅट३२ दिसत नाही. ग्रबच्या ९८ वाल्या नोंदीत डॉसचं पार्टिशन हाइड करायची ओळ घातली, म्हणजे टेबलमधला टाइप ०६ चा १६ होतो, आणि डॉसच्या नोंदीत अनहाइड. आता दोन्हीकडे डेटा डी वरच. छोटी गोष्ट आहे पण बॅच फाइली आणि शॉर्टकट दोन्हीकडे चालतात त्याचं सुख वेगळं.

विंडोज २००० एनटीएफएसवर असलं तरी त्याच्या एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट आणि बूट डॉट आयएनआय या चालू होताना लागणाऱ्या फाइली पहिल्या ॲक्टिव्ह पार्टिशनवर, म्हणजे डॉसच्या घरात राहतात. त्यामुळे ग्रबमधून पहिली नोंद निवडली की दुसरा मेनू येतो, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, डॉस की २०००, आणि खाली सेकंद उलटे मोजत जातात. दोन मेनू बघून लोकांना विचित्र वाटतं, मला सवय झाली. फक्त लक्षात ठेवायचं की डॉसमध्ये सिस कमांड (पार्टिशन डॉससाठी बूट होण्याजोगं करणारी) सी वर चालवली की बूट सेक्टर (पार्टिशनच्या सुरुवातीचा चालू करणारा कोड) डॉसचा होतो आणि २००० चा रस्ताच बंद. डॉसचा जुना बूट सेक्टर २००० ने बूटसेक्ट डॉट डॉस नावाने जपून ठेवलेला असतो, तो पण पुसायचा नाही. आणि बूट डॉट आयएनआय मध्ये पार्टिशन नंबर असतो, माझा ४, कारण आधी प्रायमरी मोजतात मग लॉजिकल. प्रायमरींची संख्या बदलली की हा नंबर चुकतो आणि २००० अमुक फाइल सापडत नाही म्हणून अडून बसतं, फाइल जागेवरच असते.

बीओएसने जागाच मागितली नाही. आर५ ची पर्सनल एडिशन २००० साली फुकट दिली होती, ती ९८ च्या पार्टिशनवर ५१२ एमबीची एक फाइल म्हणून बसते, इमेज डॉट बीई, बस्स. ९८ मधून आयकॉन दाबला की विंडोज बंद होऊन तीच मशीन बीओएस होते. किती झटकन चालू होतं हे बघून अजूनही मजा वाटते, २००० च्या लोडिंग पट्टीनंतर तर जास्तच. बीओएस बनवणारी बी कंपनी पुढे २००१ मध्ये पामने घेतली आणि विषय तिथेच संपला, त्यामुळे रोजच्या कामाचं त्यात काही नाही. पण सिस्टिम एका फाइलीत असल्याचा मोठा फायदा म्हणजे बॅकअप, फाइल कॉपी केली की झालं.

ओएस टू बाहेर का? एक तर त्याचा बूट मॅनेजर स्वतःच एक प्रायमरी खातो. दुसरं म्हणजे त्याच्या एचपीएफएसचा (ओएस टूची फाइली मांडायची पद्धत) आणि एनटीएफएसचा पार्टिशन टाइप एकच, ०७. विंडोज २००० ला ०७ दिसतं, आत ओळखीचं काही दिसत नाही, आणि मग फॉरमॅट करू का विचारतं. तिथे चुकून हो म्हणणारा हात माझाच असणार कधीतरी, म्हणून ही जोडी एकत्र नकोच. वॉर्प ४ १९९६ चं, मूळ इन्स्टॉल फ्लॉपींना मोठी डिस्क झेपत नाही, नवा आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) ड्रायव्हर फ्लॉपीवर घालावा लागतो. २ जीबीच्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर हे सगळे प्रश्न एकदम मिटले. कॉम्पॅक्ट फ्लॅश आयडीईच बोलतं, मध्ये फक्त पिना जुळवणारं ॲडॉप्टर. मुख्य डिस्क किल्लीवाल्या रॅकमध्ये आहे, मशीन बंद करायची, डिस्क ओढायची, कार्डाचा रॅक सरकवायचा. चालू मशीनवर हे करू नका, आयडीई त्यासाठी बनलेलं नाही.

ॲडॉप्टर मात्र बघून घ्या. माझं पहिलं अगदी स्वस्तातलं होतं, त्यावर डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेण्याच्या) लाइनी जोडलेल्याच नव्हत्या, कार्ड डीएमएला तयार, बोर्ड तयार, आणि मधला रस्ताच नाही, त्यामुळे बूट होताना मशीन गोठायची. दुसरं ॲडॉप्टर घातल्यावर एकदाही नाही. आणि कार्ड स्वतःला रिमूव्हेबल म्हणवत असेल तर विंडोज २००० त्याच्यावर नीट पार्टिशन करू देत नाही, ओएस टू साठी नाही पण पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगतोय.

आवाजाबद्दल थोडं. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) प्लग अँड प्ले ओएस नो ठेवा म्हणजे आयएसए कार्डाला पत्ता बायोसच देतो आणि डॉसमध्ये ए२२० आय५ डी१ (कार्डाचा पत्ता, इंटरप्ट आणि डीएमए चॅनल) जागेवर मिळतात. ५०० मेगाहर्ट्झ डॉससाठी जरा जास्तच आहे, टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले जुने प्रोग्राम रनटाइम एरर २०० देऊन पडतात कारण सुरुवातीच्या वेळ मोजण्याच्या हिशोबात भागाकाराचं उत्तर ठेवलेल्या जागेत मावत नाही आणि प्रोग्राम त्याला शून्याने भागणं समजतो. बायोसमध्ये कॅश बंद केली की मशीन ३८६ च्या चालीने चालते आणि ते प्रोग्राम गुपचूप उघडतात. काम झाल्यावर कॅश परत चालू करायची, नाहीतर ९८ चालू होईपर्यंत तुम्ही म्हातारे व्हाल.

घड्याळाचं एकदाच करावं लागतं. डॉस आणि विंडोज बायोसमधली वेळ स्थानिक धरतात, लिनक्सला इन्स्टॉल करताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नाही म्हणून सांगायचं. उन्हाळी वेळ पाळणारी जागा असेल तर ९८ आणि २००० दोघंही आपापला एक तास सरकवतात, एकातलं बंद ठेवा. आणि सीआर२०३२ बॅटरी नवी घाला, वेळेसाठी नाही, ती गेली की बायोस डिस्कचा मोड विसरतो, आणि एलबीएच्या जागी लार्ज झालं (या डिस्कवरच्या जागा मोजायच्या दोन पद्धती) की भूमिती बदलते आणि सगळं शाबूत असताना काहीच बूट होत नाही.

खरं वापरतो काय? डॉस आणि ९८, बहुतेक वेळ. २००० फाइली आणायला, लिनक्स बॅकअपला. डीडीने (डिस्क जशीच्या तशी कॉपी करणाऱ्या लिनक्सच्या कमांडने) पहिला सेक्टर आणि प्रत्येक पार्टिशनची इमेज नेटवर्कवरून दुसरीकडे जाते, वीस वर्षं जुन्या डिस्कवर एवढी मेहनत बॅकअपशिवाय ठेवायची माझी तयारी नाही. सार्जवर ब्राउझर उघडून आजच्या साइट बघायची अपेक्षा ठेवू नका, सुरक्षित जोडणीच होत नाही. ओएस टू महिन्यातून कधीतरी, त्याच्या डॉस विंडो अजून भारी वाटतात.

आता हायकू (बीओएसच्या धर्तीवर नव्याने लिहिलेली सिस्टिम) डोक्यात आहे, त्याची ३२ बिट आवृत्ती बीओएसचे जुने प्रोग्रामही चालवते. पण ते जाईल दुसऱ्या कार्डवर, मुख्य डिस्कच्या टेबलला मी आता हात लावणार नाही.