एफबीआयचं मुख्यालय राजधानीबाहेर न्यावं का? रेगन इमारत, ग्रीनबेल्ट, स्प्रिंगफील्ड आणि हंट्सव्हिल यांची तुलना

वॉशिंग्टनमधली हूव्हर इमारत एफबीआयने सोडायला हवी, याबद्दल आता फारसं दुमत उरलेलं नाही. पण जायचं कुठे (जवळच्याच रेगन इमारतीत, मेरीलँडमधल्या ग्रीनबेल्टला, व्हर्जिनियातल्या स्प्रिंगफील्डला की अलाबामातल्या हंट्सव्हिलला), हे वीसेक वर्षांचं भिजत घोंगडं आहे. मेरीलँड आणि व्हर्जिनियातल्या मराठी मतदारांपुढे हा विषय लोकप्रतिनिधींच्या पत्रकांतून सतत येतो. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांच्या घरात तर तो थेट शाळा, घरकर्ज आणि जोडीदाराची नोकरी इथपर्यंत पोचतो. कोणती बाजू घ्यावी हे ठरवत असाल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. माझं मत मी लपवणार नाही.

आहे तिथे राहायला काय हरकत आहे?

हूव्हर इमारतीचं उद्घाटन १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या हस्ते झालं. पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूच्या बाजूने ती सात मजली, तर मागे ई स्ट्रीटच्या बाजूने अकरा मजली आहे. दर्शनी काँक्रीटचे तुकडे सुटून पदपथावरच्या माणसांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून वरच्या मजल्यांच्या कडेला जाळी लावावी लागली. देशातल्या सर्वात बलाढ्य तपास यंत्रणेच्या भिंतींना ठिगळं लावायची वेळ आली, ही गोष्ट मला खरोखर लाजिरवाणी वाटते.

पण जाळीपेक्षा मोठी अडचण आत आहे. बोटांच्या ठशांची कार्डं, फायलींची कपाटं आणि प्रयोगशाळा हे सगळं सामावून घ्यायला ही इमारत बांधली होती. ठशांचं काम १९९५ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेलं, प्रयोगशाळा व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला गेली. ११ सप्टेंबर २००१ नंतर दहशतवादविरोधी आणि गुप्तवार्ता विभागांची माणसं झपाट्याने वाढली, आणि त्यांना बसवायला ही रचना गैरसोयीची ठरली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ साली दाखवून दिलं, की मुख्यालयाची माणसं हूव्हरखेरीज चाळीसहून अधिक भाड्याच्या आणि इतर जागांत विखुरलेली आहेत. शिवाय इमारत रस्त्याला इतकी खेटून आहे, की सर्वोच्च श्रेणीची सुरक्षा तिथे पुरवणं जवळपास अशक्य आहे. तिथेच पाडून नवी बांधायचा प्रस्ताव २०१८ साली आला होता. त्याचा अंदाज सुमारे ३.३ अब्ज डॉलरचा होता आणि बांधकाम होईपर्यंत हजारो माणसांना दुसरीकडे बसवावं लागणार होतं. त्यामुळे हा पर्याय मी बाजूला ठेवतो.

‘बाहेर’ म्हणजे किती बाहेर?

सगळी गल्लत इथे होते. ग्रीनबेल्ट आणि स्प्रिंगफील्ड कायद्याने राजधानीबाहेर आहेत, पण दोन्हीकडे वॉशिंग्टनची मेट्रो जाते. घर न बदलता, मुलांची शाळा न बदलता तिथे नोकरीला जाता येतं. अमली पदार्थविरोधी यंत्रणा डीईए आणि यूएस मार्शल्स सर्व्हिस या दोघांची मुख्यालयं पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये आहेत आणि त्यांचं काही अडलेलं नाही. अलाबामातलं हंट्सव्हिल मात्र रस्त्याने हजार किलोमीटरहून लांब आहे. तिथे जायचं म्हणजे अख्खं बिऱ्हाड हलवायचं. या दोन प्रकारच्या स्थलांतरांना एकच नाव देऊन वाद घातला, की दोन्ही बाजू आपापल्या सोयीची उदाहरणं फेकत राहतात.

बिऱ्हाड हलवायला लावलं की काय होतं, याचा पुरावा ताजा आहे. २०१९ साली अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं मुख्यालय कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला न्यायचं ठरलं. कारण वरवर पटण्यासारखं होतं: या खात्याच्या बहुतेक जमिनी पश्चिमेकडे आहेत, मग साहेबही तिथेच बसावेत. एकूण ३२८ पदं पश्चिमेकडे हलवायची होती. त्यांतल्या २८७ जणांनी निवृत्ती घेतली किंवा दुसरी नोकरी धरली. ४१ जण गेले, आणि त्यांतले प्रत्यक्ष ग्रँड जंक्शनला पोचले अवघे तीन. २०२१ साली मुख्यालय वॉशिंग्टनला परत आणायचा निर्णय झाला. मुख्यालय परत आलं, पण वर्षानुवर्षं कायदे, नकाशे आणि जुने करार डोक्यात घेऊन वावरणारी माणसं परत आली नाहीत.

एफबीआयच्या बाबतीत ही जोखीम जास्त आहे. गोपनीय कागदपत्रं पाहण्याची परवानगी असलेला, एखाद्या परदेशी हेरगिरीच्या जाळ्याचा दहा वर्षं अभ्यास केलेला विश्लेषक जाहिरात देऊन महिन्याभरात मिळत नाही. वॉशिंग्टनच्या परिसरात अशा माणसांना गिऱ्हाइकं भरपूर आहेत: सीआयए आणि एनएसए या गुप्तचर संस्था, संरक्षण खात्याचं पेंटॅगॉन आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या खाजगी कंपन्या. हंट्सव्हिलला चला म्हटलं, तर त्यातले बरेच जण घराजवळच दुसरी खुर्ची धरतील.

जर्मनीतही असंच झालं. तिथल्या संघीय गुन्हे पोलिसांचं, म्हणजे बीकेएचं मुख्यालय १९५० च्या दशकापासून वीसबाडेनमध्ये आहे. २००४ च्या सुरुवातीला गृहमंत्री ओटो शिली यांनी ते बर्लिनला आणायचं ठरवलं. कर्मचारी रस्त्यावर उतरले, बीकेएच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, आणि शेवटी मुख्यालय वीसबाडेनमध्येच राहून बर्लिनमधली शाखा वाढवण्याची तडजोड झाली. राजधानीपासून दूर असूनही बीकेए चालतं, हे हंट्सव्हिलवाले सांगू शकतात आणि ते खरं आहे. पण ती यंत्रणा पहिल्यापासून तिथेच वाढली, तिची माणसं तिथली आहेत. रुजलेली यंत्रणा उपटण्याचा प्रश्न आला तेव्हा जर्मनांनी माघार घेतली.

हंट्सव्हिलच्या बाजूने

तरीही हंट्सव्हिलला निकालात काढणं चूक ठरेल. तिथल्या रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळावर बॉम्बनाशक पथकांचं प्रशिक्षण १९७१ पासून चालतं. देशभरातल्या पोलीस दलांमधले प्रमाणित बॉम्बतज्ज्ञ तिथूनच शिकून बाहेर पडतात. स्फोटकांचे अवशेष तपासणारं केंद्रही क्वांटिकोहून तिथे हलवलं गेलं. स्फोट घडवून शिकवायचं तर मोकळं रान लागतं, आणि ते वॉशिंग्टनच्या उपनगरात मिळणार नाही. अलाबामाचे तेव्हाचे सेनेटर रिचर्ड शेल्बी यांच्या वजनामुळे तिथे निधी गेला हे उघड आहे, तसंच क्लार्क्सबर्गला वेस्ट व्हर्जिनियाचे सेनेटर रॉबर्ट बर्ड यांच्यामुळे. पण राजकारणाने गेलेली गोष्ट कामाला लागत नाही असं नाही. बंदूक विकण्याआधीची तपासणी आणि ठसे जुळवणं ही कामं क्लार्क्सबर्गहून उत्तम चालतात, कारण फोन आणि संगणक कुठल्या गावात आहे याने कोणाला फरक पडत नाही.

फरक कुठे पडतो, ते एका उदाहरणाने सांगतो. अमेरिकेत असलेल्या परदेशी हेराच्या संभाषणावर पाळत ठेवायची तर एफबीआयला खास न्यायालयाची परवानगी लागते. अर्ज तयार करताना एफबीआयचे अधिकारी आणि न्याय खात्याच्या राष्ट्रीय सुरक्षा विभागाचे वकील ओळ न् ओळ तपासतात. त्यावर ॲटर्नी जनरल किंवा न्याय खात्यातल्या मोजक्या अतिवरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एकाची सही लागते, मग तो न्यायाधीशांपुढे जातो. ते न्यायालय वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालय इमारतीत आहे आणि न्याय खातं हूव्हरसमोर रस्ता ओलांडून. हे काम सुरक्षित व्हिडिओवरही होऊ शकतं. पण एखाद्या वाक्याला पुरावा पुरेसा आहे का, यावर जी तासभर वादावादी होते ती समोरासमोर बसून झालेली बरी, कारण तिथे झालेली चूक एखाद्या नागरिकाच्या खाजगी आयुष्यात घुसते.

म्हणून माझ्या मते हंट्सव्हिलला कामं पाठवावीत, मुख्यालय पाठवू नये. काश पटेल एफबीआयचे संचालक झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये पाचशे जणांना तिथे हलवण्याचं ठरलं. ते स्फोटकं, प्रशिक्षण आणि तंत्रज्ञानाच्या कामातले असतील तर माझी काही तक्रार नाही.

ग्रीनबेल्ट की स्प्रिंगफील्ड?

२०१४ साली तीन जागा अंतिम यादीत आल्या: मेरीलँडमधली ग्रीनबेल्ट आणि लँडोव्हर, व्हर्जिनियातली स्प्रिंगफील्ड. लँडोव्हरची जागा एका बंद पडलेल्या मॉलची, खाजगी मालकीची आणि मेट्रोपासून लांब. ती मागे पडली यात नवल नाही. विकासकाने नवं मुख्यालय बांधून द्यायचं आणि बदल्यात हूव्हरची जागा घ्यायची, अशी तेव्हाची योजना होती. घोडं अडलं पैशावर, आणि जुलै २०१७ मध्ये सगळं रद्द झालं.

पुढच्या फेरीत खरी लढत दोघांत झाली. ग्रीनबेल्टची ६१ एकर जमीन मेट्रो प्रशासनाची, ग्रीन लाइनच्या शेवटच्या स्टेशनला लागून. स्प्रिंगफील्डची ५८ एकर जमीन आधीपासून सरकारच्या मालकीची, तिच्यावर सरकारी गोदामं. तिथे ब्लू लाइन जाते, पण स्टेशन जरा दूर पडतं. सरकारचीच जमीन म्हणजे फुकट, असं वाटतं खरं. पण गोदामात बसलेल्यांना आधी दुसरीकडे हलवायचं असतं, आणि त्याला पैसे व वेळ दोन्ही लागतं.

स्प्रिंगफील्डचा हुकमी एक्का म्हणजे क्वांटिको. एफबीआयची अकादमी, प्रयोगशाळा आणि बरीच प्रत्यक्ष कारवाईची पथकं तिथे आहेत. स्प्रिंगफील्डहून आय-९५ महामार्गाने सरळ दक्षिणेला जायचं. ग्रीनबेल्ट शहराच्या ईशान्येला असल्याने तिथून आधी अर्धं शहर वळसा घालून ओलांडावं लागतं. तिथली वाहतूक ज्यांनी गुरुवारी संध्याकाळी अनुभवली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ग्रीनबेल्टचा दावाही हलका नाही. ते ज्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आहे, तो कृष्णवर्णीयबहुल भाग. तिथे केंद्र सरकारचे कर्मचारी मोठ्या संख्येने राहतात, पण बहुतेक मोठी सरकारी कार्यालयं वर्षानुवर्षं इतरत्र गेली. रोज लांबचा प्रवास करणाऱ्या या माणसांच्या दारात अशी मोठी कचेरी यावी, ही मागणी रास्त आहे.

आणि तरीही ज्या पद्धतीने निवड झाली, ती मला पटत नाही. सुरुवातीला एफबीआयच्या कामाच्या गरजेला ३५ टक्के वजन होतं. जुलै २०२३ मध्ये ते २५ वर आलं, सामाजिक समता आणि खर्च यांना प्रत्येकी २० टक्के मिळाले. निवड समितीने तरीही एकमताने स्प्रिंगफील्ड सुचवलं. सरकारी मालमत्ता विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते बाजूला सारून ग्रीनबेल्ट निवडलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तसं जाहीर झालं. खर्च कमी, मेट्रो जवळ आणि वेळेची खात्री जास्त, ही कारणं विभागाने दिली. तेव्हाचे संचालक क्रिस्टोफर रे यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून प्रक्रियेच्या निःपक्षपातीपणावर बोट ठेवलं, कारण निर्णय घेणारी व्यक्ती पूर्वी जमिनीच्या मालकाकडे, म्हणजे मेट्रोकडे, नोकरीला होती. विभागाने आरोप फेटाळला. पण परीक्षा सुरू झाल्यावर गुणांची वाटणी बदलली, की निकाल बरोबर असला तरी हरलेल्याचा विश्वास बसत नाही, आणि पुढचं सरकार आलं की तो निकाल फिरवणं सोपं जातं. झालंही तसंच.

रेगन इमारत

जुलै २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ग्रीनबेल्ट बाजूला ठेवून हूव्हरच्याच रस्त्यावरची रोनाल्ड रेगन इमारत निवडली, आणि डिसेंबरमध्ये पटेल यांनी हूव्हर कायमची बंद करण्याची योजना पक्की झाल्याचं सांगितलं. १९९८ साली उघडलेली ही इमारत आकाराने प्रचंड आहे. सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण विभाग तिथे आहे, आणि परदेशी मदत देणारी सरकारी संस्था यूएसएड मोडीत निघाल्यावर तिथली बरीच जागा रिकामी झाली. नव्याने बांधण्यापेक्षा हे स्वस्त आणि लवकर होणारं, यात शंका नाही. न्याय खातं आणि व्हाइट हाउस चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, कोणाचंही घर मोडत नाही.

माझी शंका सुरक्षेबद्दल आहे. ही इमारत बांधलीच लोकांनी ये-जा करावी म्हणून: व्यापार केंद्र, समारंभाची दालनं, खाण्याचे गाळे, तळघरात वाहनतळ आणि अंगणातून फेडरल ट्रँगल मेट्रो स्टेशनात जाण्याची वाट. हूव्हर रस्त्याला खेटून आहे म्हणून नको म्हणायचं आणि खाली वाहनतळ असलेली इमारत चालते म्हणायचं, हे जुळवून दाखवावं लागेल. दुसरी गोष्ट पैशाची. संसदेने निधी उपनगरातल्या तीन जागांपैकी एका जागेसाठी दिला होता, असा मेरीलँडचा दावा आहे, आणि राज्य त्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयात गेलं.

कोऱ्या पाटीवर ठरवायचं असतं तर मी स्प्रिंगफील्ड म्हटलं असतं: समितीचाही कौल तोच, आणि क्वांटिकोजवळ एका कुंपणात सगळे बसले असते. आजच्या घडीला तुमच्या प्रतिनिधीला पत्र लिहिणार असाल, तर रेगन इमारतीला सरसकट विरोध करू नका. तीन गोष्टी लेखी मागा: तळघरातला वाहनतळ आणि मेट्रोची वाट यांचं काय करणार, बाकीच्या विखुरलेल्या कचेऱ्यांपैकी किती बंद होणार, आणि हंट्सव्हिलला पाठवलेल्या पदांवरच्या किती माणसांनी नोकरी सोडली. मेरीलँडचे मतदार असाल तर चौथीही मागा: प्रिन्स जॉर्जेस काउंटीला दिलेल्या शब्दाच्या बदल्यात तिथे दुसरं कोणतं सरकारी कार्यालय, कधीपर्यंत येणार.