जुन्या बायबलचं बाइंडिंग, नाना पेठ: कापला एक स्टार, कडा नाही

क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरलात की गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांमधून एक बोळ आत जातो. दुकानाला नाव नाही. पाटीवर नुसतं 'येथे सर्व प्रकारचे बुक बाइंडिंग करून मिळेल'. आत एक काका, एक लोखंडी दाब, एक कटिंग मशीन आणि डोक्यापर्यंत रचलेली हिशेबाची रजिस्टरं. बसायला जागा नाही, उभ्यानंच बोलायचं.

आमच्या सासूबाईंचं बायबल १९६८चं, लग्नात मिळालेलं. पाठ सुटलेली, सुरुवातीच्या उत्पत्तीची पहिली तीन पानं गायब, शेवटचं प्रकटीकरण रबरबँडनं धरून ठेवलेलं. मी चारदा म्हटलं, आई, मोठ्या टायपातलं नवीन आणते. उत्तर ठरलेलं, "नव्यात माझं काय आहे?" अप्पा बळवंत चौकात दोन ठिकाणी विचारून झालं होतं. एकानं सांगितलं, कागद पातळ आहे, शिलाई धरणार नाही, पाठ घासून गोंद लावून देतो. दुसऱ्यानं हातही लावला नाही.

ह्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक मधूनच उघडून डोळ्यांशी नेलं आणि म्हणाले, "जुजबंदीच करावी लागेल. वेळ लागेल." म्हणजे फर्मे, दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करून दोऱ्यानं परत शिवायचे.

घरी येऊन जुजबंदी म्हटलं, तर सासूबाई मलाच शिकवायला लागल्या. त्यांची आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ला गेल्या, पुस्तक १९२४ला निघालं. छापणं, फर्मे दुमडणं, शिवणं, सगळं तिथल्या बायकांच्या हातचं, आणि त्यात सोळा वर्षांची ही आई. "सुई दुमडीतच गेली पाहिजे, नाहीतर पान फाटतं, सांग त्यांना." मी सांगितलं. काका हसले नाहीत, मान डोलावली.

आठवड्यानं त्यांचा फोन आला, येऊन जा म्हणाले. फर्मे सुटे करून दाबाखाली ठेवले होते. एसटीचं एक जुनं तिकीट आणि वाळलेली दोन कडुनिंबाची पानं त्यांनी वेगळ्या पाकिटात घालून ठेवली होती. "ताई, शिवल्यावर कटिंग मारतो आम्ही, कडा एकसारख्या होतात. पण हे बघा." नखानं समास दाखवला. पेन्सिलीनं लिहिलेलं, पार काठापर्यंत. "दोन-तीन मिलिमीटर जाणार. लिहिलेलं जाईल."

मी ते बायबल सत्तावीस वर्षं पाहतेय, पण कधी उघडलं नव्हतं. त्यांचं ते त्यांचं. लूकचा अठरावा अध्याय, न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेची गोष्ट. समासात तारखा, तारखेपुढे विनंती, काम झालं की बरोबरची खूण. नणंदेची नोकरी, खूण. माझं ऑपरेशन, खूण. 'पाणी रोज येवो', खूण नाही (आम्ही कोंढव्यात राहतो, तेव्हा ते राहू द्या). आणि मे २०२१. 'वि. ऑक्सिजन', ओळीनं नऊ तारखा. खूण नाही. वि. म्हणजे माझे मिस्टर.

त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. मग काठाला बारीक अक्षरात, 'आज नुसती बसले'. पुढच्या तारखेला परत 'नुसती बसले'. ऑगस्टपर्यंत हेच.

इथे थोडं घरचं सांगावं लागेल. हे गेल्यावर एका प्रार्थनासभेतल्या ब्रदरनी मला फोनवर धीर देता देता याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय ऐकवला, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवते तो, आणि वर म्हणाले, कुठंतरी विश्वास कमी पडला, ताई. मी ते सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पौलाचा पण कमी पडला होता का गं?" बायबलमधल्या प्रेषित पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर आलं. तेव्हा मला तेही पटलं नव्हतं. पुढची दोन वर्षं मी उपासनेला जायचे, डोळे मिटायचे आणि गॅस बंद केला का ते आठवत बसायचे.

मी धरून चालले होते, ह्या बाईचा विश्वास भक्कम, म्हणून रोज पहाटे पाचला खुर्चीत बसणं जमतं. त्या तीन महिन्यांत तो किती शिल्लक होता कोण जाणे. खुर्ची मात्र चुकली नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात दोन्ही म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्या ओळीखाली पेन्सिल इतक्यांदा फिरलीय की कागद चकाकतो. काकांनी तिथे मागून पतंगी कागदाची पट्टी डकवलीय, अक्षर झाकू न देता.

कटिंग मारलं नाही. कडा ओबडधोबड आहेत, मला चालतात.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगून सात लावले. पाठ इतकी कडक झालीय की पुस्तक उघडं ठेवलं तर आपोआप मिटतं, आणि शहाऐंशीव्या वर्षी दोन्ही हातांनी धरून वाचणं सोपं नाही. सध्या आम्ही वर वरवंटा ठेवतो. मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात, कसर लागत नाही म्हणे, पण पहिला महिनाभर वास येतो. नऊशे रुपये जास्त वाटले होते, शिलाई बघितल्यावर वाटले नाहीत.

आणि सोनेरी छाप. काळ्या रेक्झिनवर झोकात छापलंय 'पवित्र शस्त्र'. काना राहिला. काका कानाला हात लावून म्हणाले, फुकट बदलून देतो, चार दिवस ठेवा. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, बदलता कशाला, इफिसकरांस पत्रात देवाच्या वचनाला आत्म्याची तलवारच म्हटलंय. सासूबाई चार दिवस द्यायलाच तयार नाहीत, सात आठवडे दिले तेवढे पुरे. आता घरात नातवंडं सुद्धा "आजी, शस्त्र कुठंय?" असंच विचारतात.

चार स्टार. दुकान सोमवारी बंद असतं. रोख न्या, फोनवरून पैसे घेत नाहीत.