हातात धरायचा आरएफआयडी रीडर: मांडणीवर चोख, कपाटापुढे हतबल

आमच्या ग्रंथालयात गेले वर्षभर पुस्तके शोधण्यासाठी हातात धरायचा आरएफआयडी रीडर, म्हणजे पुस्तकावरची पट्टी रेडिओ लहरींनी ओळखणारे यंत्र, वापरात आहे. चुकीच्या कप्प्यात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते, आणि मुख्यतः त्याच कारणासाठी आम्ही तो घेतला होता.

पुस्तकाच्या शिवणीलगत चिकटवलेल्या पट्टीत बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवरच तिची चिप जागी होते आणि त्याच लहरी कमीअधिक परावर्तित करून आपला क्रमांक कळवते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा यासाठी विनापरवाना खुला असल्याने कागदपत्रांची यातायात करावी लागली नाही. पुस्तकाचा नोंदवहीतला दाखल क्रमांक रीडरमध्ये टाकून शोध सुरू केला की पट्टी जवळ येईल तसतशी टिकटिक वाढते.

लाकडी मांडण्यांवर हे काम उत्तम होते. दोन वर्षे ‘गहाळ’ शेरा मिरवणारे पाकशास्त्राचे एक पुस्तक पहिल्याच दिवशी कवितासंग्रहांमागे आडवे पडलेले सापडले. मात्र पूर्ण शक्तीवर शेजारच्या मांडण्यांवरूनही संकेत येत असल्याने, जवळ पोहोचल्यावर रीडरची शक्ती ३० डीबीएमवरून (डीबीएम हे लहरींची शक्ती मोजायचे एकक) १५च्या आसपास उतरवावी लागते. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, हे आमचे आम्हीच शोधून काढले.

खरी अडचण लोखंडी कपाटांची आहे. बंद दारातून लहर आत जातच नाही, आणि उघड्या कपाटापुढे थेट आलेली लहर व पत्र्यावरून परतलेली लहर एकमेकींत मिसळून कुठे जोर धरतात, तर कुठे एकमेकींना मारतात. तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असल्यामुळे हात वीतभरसुद्धा न हलवता टिकटिक बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. एकदा तर आम्ही अख्खा खालचा कप्पा रिकामा केला आणि पुस्तक निघाले पाठीमागच्या मांडणीवर. कपाटाच्या दाराने आरशासारखे काम करून आम्हाला उलट्या दिशेला पाठवले होते. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने ‘कपाटाने काही फरक पडत नाही’ असे छातीठोकपणे सांगितले होते, पण प्रात्यक्षिक दाखवले ते वाचनकक्षातल्या लाकडी मांडणीवर. खरेदी करणाऱ्यांनी ते स्वतःच्या कपाटापुढेच मागावे.

मांडण्यांवरची वार्षिक पडताळणी यंदा दोन दिवसांत उरकली. कपाटांतली पुस्तके मात्र दाखल नोंदवही उघडून, एकाने क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करायची, अशीच तपासावी लागली.