फुकट मिळणाऱ्या मॉडसाठी मी ४४.९८ डॉलर मोजले

लाज वाटते आहे, म्हणून आकडा आधीच सांगून टाकतो. माझे स्वतःचे ४४.९८ डॉलर गेले, आणि माझ्या शब्दावर विसंबून फसलेल्या एका मित्राचे १९.९९ मी भरून दिले, एकूण ६४.९७ डॉलर. रक्कम काही फार मोठी नाही, असे समजावणारे बरेच भेटले. त्यांना एवढेच सांगतो की ज्या मॉडसाठी, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोडफाइलींसाठी, ती गेली त्या कोणालाही फुकट मिळतात, आणि हे मला आधीपासून माहीत होते.

मी माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाची जावा आवृत्ती खेळतो. आम्हा चौघांच्या सामाईक जगात गावकरी, भट्ट्या आणि वस्तू आपोआप ओढून घेणारे हॉपर यांची इतकी गर्दी झाली होती, की गावाजवळ गेले की माझ्या जुन्या लॅपटॉपवर एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा, पंचविसाच्या खाली यायचा आणि इलायट्रा हे पंख लावून उडताना चित्र जागीच थिजायचे. चित्र रेखाटण्याचे काम वेगाने करणारे सोडियम, खेळाच्या आतले हिशेब हलके करणारे लिथियम आणि मेमरी वाचवणारे फेराइटकोर ही नावे मला ठाऊक होती. पण त्यांच्यासाठी फॅब्रिक हा लोडर, म्हणजे मॉड खेळात चढवणारा प्रोग्राम, लावा, माझे जुने मॉड फोर्ज या दुसऱ्या लोडरचे म्हणून त्यांना पर्याय शोधा, सोडियमसोबत ऑप्टिफाइन हा वेग वाढवणारा जुना मॉड चालत नाही म्हणून तो काढा, आणि प्रत्येक फाइल खेळाच्या नेमक्या आवृत्तीशी जुळवा, या खटाटोपाचा मला कंटाळा आला होता. कंटाळलेले गिऱ्हाईक अशा लोकांना लांबूनच ओळखू येते.

एका चॅट ग्रुपवर ‘सगळे एकत्र जुळवलेला’ पॅक १९.९९ डॉलरला मिळत होता. आधीचा आणि नंतरचा एफपीएस दाखवणारा व्हिडिओ, खाली कौतुकाचे शेकडो संदेश, आणि सर्व्हरचा टिक दर ४० पर्यंत नेण्याचे आश्वासन. मी इथेच उठून जायला हवे होते. हा खेळ सेकंदाला २० टिकवर, म्हणजे सेकंदाला वीस पावले टाकत, चालतो; तो ४० वर नेला तर अडखळणे जात नाही, गायी आणि झाँबी दुप्पट वेगाने पळू लागतात. ही गोष्ट मी स्वतः नवख्या खेळाडूंना समजावून सांगितली आहे. तरीही ते वाक्य वाचले, मनातल्या मनात हसलो, जाहिरातवाल्यांना काय कळते असे म्हणालो, आणि पैसे पाठवले. पैसे ‘मित्राला पाठवा’ या पर्यायाने पाठवायचे होते, कारण म्हणे त्यात शुल्क लागत नाही. त्या पर्यायात ग्राहकाला संरक्षणही लागू होत नाही, हे मी नंतर वाचले.

आलेली फाइल मॉडची नेहमीची जार फाइल नव्हती, संगणकावर थेट चालणारा ईएक्सई प्रोग्राम होता, आणि अँटीव्हायरस बंद करून तो चालवा अशी सूचना होती. तो क्षण मी त्यानंतर शंभरदा आठवला आहे. पडद्यावर अँटीव्हायरसच्या इशाऱ्याची लाल चौकट होती, माझे बोट माउसवर होते, आणि मी जवळजवळ मिनिटभर थांबलोही होतो. मग स्वतःलाच पटवले की चांगल्या प्रोग्रामवरही अँटीव्हायरस कधीकधी उगाच ओरडतो. ते खोटेही नाही, आणि ते खोटे नाही म्हणूनच हे लोक ते वापरतात. मॉडसाठी कोणी अँटीव्हायरस बंद करायला सांगितले, तर तिथेच विषय संपवा.

मग ‘तुमच्या ग्राफिक्ससाठी वेगळी की लागेल’ म्हणून आणखी ९.९९ गेले. त्यानंतर एफपीएस सत्तरच्या वर गेला. मी इतका खूश झालो की त्याच संध्याकाळी आमच्या तिघा मित्रांना पॅकची शिफारस केली.

तिसऱ्या दिवशी लक्षात आले की टेकडीपलीकडचा मनोरा दिसतच नाही. सेटिंग उघडली तर रेंडर डिस्टन्स, म्हणजे किती दूरपर्यंतचे जग दाखवायचे तो आकडा, १६ वरून ६ वर आणलेला. तेव्हा तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. खेळात एफ३ हे बटण दाबल्यावर डावीकडे जी माहिती येते तिच्यात ‘डी’पुढे रेंडर डिस्टन्सचा आकडा असतो, व्हिडिओत नेमकी ती ओळ कापलेली होती. त्या ईएक्सईने बसवलेली पॅकची जार फाइल झिपसारखी उघडली, जी कोणालाही कोणत्याही साध्या साधनाने उघडता येते, तर आत सोडियम आणि लिथियमच्या मूळ फाइली जशाच्या तशा ठेवलेल्या. या खेळाचा वापरकर्ता करार मॉड पैशांना विकू देत नाही. तेव्हा कोणी मॉडची किंमत सांगितली की पुढचे ऐकूच नये.

परतावा मागितला, तर ‘पडताळणीसाठी १५ डॉलर भरा, सगळे एकत्र परत येतील’ असे उत्तर आले. भरले. होय, भरले, संतापलेल्या माणसाला आपले पैसे डोळ्यांसमोर दिसत असतात, बाकी काही दिसत नाही. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढले, आणि त्याच रात्री माझ्या चॅट खात्यावरून ओळखीच्या सगळ्यांना पॅकची लिंक गेली. एका मित्राने माझी आधीची शिफारस आठवून तो पॅक विकत घेतला. मी पासवर्ड बदलला, पण चोरलेल्या सेशन टोकनला, म्हणजे आपण लॉगइन असल्याची जी खूण संगणकात साठवलेली असते तिला, पासवर्ड लागतच नाही. आधी सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा, आणि तेही दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून.

आता दाद मागण्याचे. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने ‘व्यवहार आपण स्वतः मंजूर केला होता’ हे एकच वाक्य चार वेळा पाठवले, चारही वेळा खाली वेगळे नाव. चॅट सेवेने आक्षेपार्ह संदेशांच्या लिंक मागितल्या. ज्या ग्रुपमधून मला हाकलले तिथले संदेश मला दिसत नाहीत, असे कळवल्यावर ‘उल्लंघन आढळले नाही’ असे उत्तर आले. सायबर तक्रारीच्या अर्जात फसवणाऱ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता हे रकाने सक्तीचे होते. ते माहीत असते तर मी अर्ज कशाला भरत बसलो असतो? फोनवरच्या अधिकाऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि गेमवर इतके पैसे घालवलेच कशाला, असे मलाच विचारले. तीन आठवड्यांनी ‘पुराव्याअभावी बंद’ असा संदेश आला. मी जोडलेली अकरा छायाचित्रे कोणी उघडली तरी होती का, हे मला कधीच कळणार नाही. ग्रुप नवे नाव घेऊन चालू आहे.

नामांकित संकेतस्थळावरून घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असेही समजू नका. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस कर्सफोर्ज या मॉडच्या मोठ्या संकेतस्थळावरच्या मॉडमध्येच शिरला होता. मॉडला खेळाइतकेच अधिकार मिळतात, संगणकावरच्या तुमच्या फाइली त्याला वाचता येतात.

लॅपटॉप पूर्ण पुसून मी फॅब्रिक आणि ते तीन मॉड स्वतः बसवले. चाळीस मिनिटे लागली, एफपीएस साठच्या आसपास आहे आणि मनोराही दिसतो. सामाईक जगात मात्र त्या फसलेल्या मित्राने मला अजून परत घेतलेले नाही. माझ्या लॅपटॉपवरून काहीतरी आत येईल अशी त्याला धास्ती आहे, आणि तसे होणारच नाही असे मी त्याला छातीठोकपणे सांगू शकत नाही.