एमएस्सी बायोलॉजीचा प्रबंध: वेट लॅब की ड्राय लॅब?

जीवशास्त्रात एमएस्सी करायचं ठरलं, प्रवेशही झाला, सुरुवातीचे पेपर मार्गी लागले, की निवडीची वेळ येते. प्रबंधासाठी वेट लॅबमध्ये पिपेट धरायचं, की ड्राय लॅबमध्ये, म्हणजे संगणकावर, आधीच जमा झालेल्या जीनोमिक डेटावर कोड चालवायचा? मी आधी ड्राय लॅबमध्ये एक प्रोजेक्ट केला आणि मग प्रबंध वेट लॅबमध्ये, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो. फील्डवर्क हा तिसरा पर्याय इथे घेत नाही. तिथे विणीचा किंवा फुलोऱ्याचा हंगाम हुकला की थेट पुढच्या वर्षाची वाट बघायची, आणि माझा त्यातला अनुभव तोकडा आहे.

वेट लॅब म्हटलं की पहिली तक्रार वेळेची. तक्रार खरी आहे, पण ती सगळीकडे सारखी लागू होत नाही. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या माध्यमात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो. सी. एलिगन्स या कृमीची पिढी तीन-चार दिवसांत पुरी होते, ड्रोसोफिला माशीची २५ अंश सेल्सिअसला साधारण दहा दिवसांत. अरॅबिडॉप्सिस या रोपाला बी पेरल्यापासून नवं बी हाती यायला दीड-दोन महिने जातात. उंदराचं पिल्लू तीन आठवड्यांत जन्मतं खरं, पण ते प्रजननक्षम व्हायला आणखी सहा ते आठ आठवडे. हातात जेमतेम वर्ष असताना उंदरांचे क्रॉस (संकर) लावायला घेतले, तर तिसऱ्या पिढीपर्यंत पोचता पोचता प्रबंध जमा करायची तारीख येते. यीस्टवर तोच विद्यार्थी दहा वेळा चुकून अकराव्यांदा बरोबर येऊ शकतो. म्हणून गाईडचं नाव किती मोठं, यापेक्षा त्यांच्याकडे कुठला जीव वाढवतात हे मी आधी विचारेन.

सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवणार असाल, तर सुट्टीचा दिवस आपला नसतो. माध्यम बदलायचं, पेशी दाटल्या की विरळ करायच्या, आणि एवढं करूनही मायकोप्लाझ्मा शिरतो. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आणि तो इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत, फक्त निकाल हळूहळू वेडेवाकडे येऊ लागतात. पीसीआरने नियमित तपासत राहायचं, सापडला की तो फ्लास्क टाकून द्यायचा. हे सगळं वाचून ड्राय लॅबकडे वळावंसं वाटलं तर मी समजू शकतो.

ड्राय लॅबची सोय मोठी आहेच. काम रात्री करा, दुसऱ्या गावाहून करा. पॅरामीटर चुकलं तर बदलून सकाळपर्यंत पुन्हा चालवा. सार्वजनिक भांडारांत एवढा डेटा पडून आहे की चांगला प्रश्न सुचला तर एकही नळी न हलवता प्रबंध उभा राहतो. बारीकसारीक कटकटी सगळीकडेच असतात. जीनोममधल्या जागा नोंदवणाऱ्या बेड फाइलमध्ये मोजणी शून्यापासून, जनुकीय बदल नोंदवणाऱ्या व्हीसीएफ फाइलमध्ये एकापासून. एका ठिकाणी मानवी संदर्भ जीनोमची ३७ वी आवृत्ती, दुसरीकडे ३८ वी. एक्सेलने ‘सेप्ट२’ या जनुकाची २ सप्टेंबर करून टाकण्याचा प्रकार तर इतका बोकाळला होता, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशी नावंच बदलली. आता ते ‘सेप्टिन२’ आहे. या कटकटींची सवय होते.

मला ज्याची सवय झाली नाही ती गोष्ट वेगळी. रुग्ण आणि निरोगी माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांचा एक सार्वजनिक आरएनए-सीक्वेन्सिंग डेटा, म्हणजे कुठलं जनुक किती व्यक्त होतं याची मोजणी, मी घेतला होता. असं काम करताना लिंग तपासून घेण्याची पद्धत आहे: ‘एक्सआयएसटी’ हे जनुक निष्क्रिय एक्स गुणसूत्रावरून व्यक्त होतं, म्हणजे स्त्रियांच्या नमुन्यात भरपूर दिसतं आणि पुरुषांच्यात जवळपास नाहीच. वाय गुणसूत्रावरच्या जनुकांचं नेमकं उलट. माझ्या तक्त्यात ‘पुरुष’ लिहिलेल्या काही नमुन्यांत एक्सआयएसटी ठणठणीत आणि वायची जनुकं शून्य. नुसता वाय गायब असता तर एक वेळ समजलं असतं, वाढत्या वयात पुरुषांच्या काही रक्तपेशींतून वाय गळतो. पण दोन्ही एकदम म्हणजे बहुधा लेबलांची अदलाबदल. मग ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ हे रकाने तरी कशावरून बरोबर? संपर्कासाठी दिलेल्या पत्त्यावर लिहिलं, उत्तर आलं नाही. संशयित नमुने वगळता येतात, आणि मी ते वगळले. पण दोन पुरुषांच्या नळ्या आपसात बदलल्या असतील तर ही तपासणी ते पकडणारच नाही. ती नळी पुन्हा उघडून पाहायची सोय माझ्याकडे नव्हती, कधी असणारही नव्हती. निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला, तरी तो कुणासमोर मांडताना माझा आवाज जरा खालीच असायचा.

लेबलांचा घोळ वेट लॅबमध्ये होत नाही असं मुळीच नाही. १९५१ मध्ये एका रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून मिळालेल्या हेला पेशींनी दुसऱ्यांच्या फ्लास्कांत इतकी घुसखोरी केली, की निरनिराळ्या नावांनी वाढवले जाणारे कित्येक पेशीवंश प्रत्यक्षात हेलाच असल्याचं १९६६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं. फरक एवढाच की तिथे शंका आली तर फ्रीझरपर्यंत चालत जाता येतं. जुनी कुपी काढा, एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनए-ओळख) करून घ्या, ब्लॉट (प्रथिन किंवा डीएनए ओळखण्याची चाचणी) पुन्हा लावा. आठवडा जातो, चिडचिड होते, पण उत्तर मिळतं. मला वाटतं, मला तेवढंच हवं होतं.

आणखी एक व्यवहारी मुद्दा. आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषा नोकरी करता करता, घरी बसूनही शिकता येतात. पेशी निर्जंतुक हाताळायच्या हूडखाली हात कसा ठेवायचा, हे शेजारी कुणीतरी उभं राहिल्याशिवाय येत नाही, आणि एमएस्सीनंतर एखाद्या नवख्याला कुणी सहजासहजी बेंच देत नाही. उलटा रस्ता धरून यशस्वी झालेलेही माझ्या ओळखीत आहेत, त्यामुळे हा नियम समजू नका.

संख्याशास्त्रात खरोखर गोडी असेल, किंवा ठरावीक वेळी लॅबमध्ये हजर राहणं तब्येतीमुळे वा घरच्या जबाबदारीमुळे शक्य नसेल, तर ड्राय लॅब बिनधास्त घ्या. फक्त तुमच्याच संस्थेत कुणीतरी तयार केलेला डेटा मिळतो का ते बघा, म्हणजे नमुने गोळा करणारी व्यक्ती दोन खोल्या पलीकडे सापडेल. आणि वेट लॅब घेणार असाल तर हो म्हणण्याआधी आधीच्या विद्यार्थ्याची नोंदवही मागून घ्या. कुठली कुपी कुठल्या रॅकमध्ये आहे हे तिच्यात लिहिलेलं नसेल, तर दुसरी लॅब शोधा.